हेलिकॉप्टरवाल्यांसाठी दोन पदार्थ

एका रविवारी सकाळी आमच्या ठाण्याच्या, नौपाड्यातल्या घरात हेलिकॉप्टर चालवणारी माणसं जमलेली. दोन खोल्यांचं घर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. दाराबाहेर बुटांचा ढीग बघून समोरच्या वहिनींनी विचारलं, "मुलीला बघायला आलेत की काय?" मी म्हटलं, "बघायला एवढे कशाला येतील वहिनी, तिच्या कामावरचे आहेत." त्या आत गेल्या आणि त्यांच्याकडच्या प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन आल्या. मी मागितल्या नव्हत्या. त्यांची आठवण आधी काढते, कारण नंतर सांगायच्या भरात राहून जाईल.

माझी मुलगी हेलिकॉप्टर चालवते. हे वाक्य लिहायला मला अजून मजा वाटते. मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली, बाकीचं जे काही येतं ते किराणा बांधून यायचा त्या कागदांवरचं वाचून वाचून आलेलं. जन्मभर पोळी-भाजी केंद्र चालवलं. अशा घरातली मुलगी तिथवर कशी पोचली ती मोठी गोष्ट आहे, ती इथे नको. तिचं काम मात्र सांगते. जुहूहून निघायचं, समुद्रात तेलाच्या विहिरी आहेत तिथे कामगारांना नेऊन सोडायचं आणि तिथली सुट्टीवर निघालेली माणसं परत आणायची. आपल्याकडे शेअर रिक्षा स्टेशनला जाते ना, तसंच. फक्त खाली पाणी.

पुढे दोघं बसतात. एक कॅप्टन, एक को-पायलट. मुलगी को-पायलट. या दोघांचा एक नियम आहे. तो मला आधी माहीत नव्हता, तो दिवस आला तेव्हा कळला.

त्या दिवशी ती दुपारीच घरी आली. मी कणीक मळत होते. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी आज नाही म्हटलं."

"कोणाला?"

"उडायला."

झालं असं की माणसं आत बसलेली, पट्टे लावलेले, वरचा पंखा फिरायला लागलेला. तेवढ्यात तिच्या पायाला काहीतरी वेगळं जाणवलं. काय ते तिला सांगता येईना. रोज ज्या पायऱ्या उतरतो त्यातली एक कोणीतरी बोटभर उंच केलीय असं वाटावं, तसं, म्हणाली. तिने शेजारी बसलेल्या कॅप्टनसाहेबांना सांगितलं, "सर, नाही." त्यांनी मशीन बंद केलं. का, म्हणून विचारलंसुद्धा नाही. माणसं उतरवली आणि तिला म्हणाले, "चल, चहा घेऊ."

"विचारलं का नाही त्यांनी?" मी म्हटलं.

"विचारायचंच नसतं. दोघांतल्या एकाने नाही म्हटलं की नाही. आणि नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. कारण विचारलं ना, की माणूस पुढच्या वेळी आधी कारण शोधत बसतो. सापडलं नाही तर गप्प राहतो. आणि गप्प राहिला की..." पुढचं तिने सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही. त्या एकाच वेळी मी विचारलं नसेल.

इंजिनिअर लोकांनी मशीन उघडून पाहिलं. काही सापडलं नाही. आजपर्यंत नाही. तुम्हाला वाटेल, पुढे मोठा दोष निघाला आणि मुलगी खरी ठरली असं मी सांगणार. तसं झालं नाही. मशीन ठणठणीत होतं.

कंपनीतल्या वरच्या माणसांना ते लागलं. फेरी बुडाली, आणि कारण काय, तर पायाला काहीतरी वाटलं. तिच्यावर चौकशी लावली. चौकशी संपेपर्यंत ड्युटी नाही. या लोकांना दुसऱ्या दिवशीची ड्युटी फोनवर येते, रोज दुपारी. तिचा फोन वाजायचा, ती बघायची, नाव नसायचं. मग ती माळा साफ करायला घ्यायची. आमच्या माळ्यावर लग्नातली भांडी, तिच्या शाळेच्या वह्या, तिच्या बाबांचं कारखान्यातलं हेल्मेट, सगळं खाली आलं, पुसलं गेलं आणि परत वर गेलं. असं किती वेळा झालं देव जाणे. मी तिला अडवलं नाही. तिच्या धंद्यात माणसं मोजकी, सगळे एकमेकांना ओळखणारे. इथून काढलं तर दुसरीकडे कोण घेणार? लहानपणी गच्चीवर उभं राहून हेलिकॉप्टरं बघायची, तेव्हापासूनचं ते कायमचं संपणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. आम्ही दोघी त्यावर बोलायचो नाही. मी चहा करायची, ती माळा पुसायची.

आता गिल्डचं सांगते. मोठी विमानं चालवणाऱ्यांची एक संघटना असते, तिला ते गिल्ड म्हणतात. कोणावर असं काही आलं तर ती बाजूला उभी राहते, पायलटला पुरेशी झोप मिळते की नाही तेही बघते. मुलीच्या कंपनीतले हेलिकॉप्टरवाले तिच्यात नव्हते. कधी कोणी गेलंच नव्हतं. मुलीचं हे झाल्यावर तिच्या सोबत्यांनी ठरवलं की आपणही सभासद होऊ, म्हणजे चौकशीत तिच्या बाजूला कोणीतरी बसेल.

मी विचारलं, "गिल्ड म्हणजे युनियनच ना गं?"

"युनियनच. इस्त्री केलेली."

मला आधी नकोच वाटलं, खोटं कशाला बोलू. तिचे बाबा ज्या कारखान्यात होते त्याला टाळं लागलं तेव्हा झेंडे, गेटवरची धरणी, सगळं मी बघितलेलं. पण हेही बघितलेलं की टाळं लागल्यावर साहेब लोकांपैकी कोणी फिरकलं नाही, आणि हे गेले तेव्हा खांदा द्यायला त्याच गेटवरची माणसं आली. म्हणून मी म्हटलं, "जमा माझ्याकडे. ठाणं सगळ्यांना मध्यावर पडतं." कोणी कल्याणचे, कोणी डोंबिवलीचे, कोणी घोडबंदर रोडचे. कंपनीच्या आसपास भेटायची चोरी होती.

आदल्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, नाश्त्याला दोन पदार्थ कर."

"दोन कशाला? वाटाण्याची उसळ मोठ्या पातेल्यात करते, पुरेल."

"तसं नाही. सोमवारी ज्यांची एकत्र ड्युटी लागू शकते ते दोघं एकच पदार्थ खाणार नाहीत. खाण्याने एकाचं पोट बिघडलं तर दुसरा चालवायला शाबूत पाहिजे."

"माझ्या हातचं खाऊन पोट बिघडेल?"

"तुझ्या हातचं नाही गं. नियम आहे."

उभ्या जन्मात माझ्या जेवणावर असा संशय कोणी घेतला नव्हता. पण केले दोन पदार्थ, उसळ आणि दडपे पोहे. आणि खरंच, रविवारी बघते तर एकजण बश्यांकडे बघून दुसऱ्याला म्हणतोय, "उद्या तुझं नाव माझ्याबरोबर आलं तर? तू पोहे घे, मी उसळ घेतो." दुसरा म्हणाला, "गेल्या वेळी पण चांगलं तूच घेतलेलंस." मला एवढं हसू आलं की मी आत गेले.

गिल्डकडून एक गृहस्थ आलेले. मोठं विमान चालवणारे, घोडबंदर रोडला राहणारे, पन्नाशीचे, बोलायला मऊ. जिने चढून आले तर आधी मला नमस्कार केला. त्यांनी नीट समजावून सांगितलं. सभासद झालात तर चौकशीत मी स्वतः तिच्या शेजारी बसेन, म्हणाले. ज्याला यायचंय त्याने यावं, जबरदस्ती नाही.

तर एक तरुण पायलट म्हणाला, "सर, ज्याला त्याला असं नाही. आमच्यात सगळ्यांचं हो असेल तर हो."

"आणि एकाने नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

"अहो, ते उडताना," गिल्डचे गृहस्थ म्हणाले. "हे कागदावर सही करायचं आहे."

पण ते ऐकेनात. सवयच ती. एकेकाला विचारत गेले. हो, हो, हो. शेवटी आले मुलीच्या कॅप्टनसाहेबांकडे. तेच, ज्यांनी न विचारता मशीन बंद केलेलं. सैन्यातून आलेले, साठीला टेकलेले, मिशा पांढऱ्या, डोंबिवलीत कोपरला राहणारे. वहिनींच्या खुर्चीवर अगदी ताठ बसलेले. ते म्हणाले, "नाही."

आणि काय सांगू तुम्हाला, सगळे उठले. आपापल्या बश्या मोरीत नेऊन ठेवल्या, "काकू, उसळ छान होती," म्हणाले, बूट घातले आणि गेले. कॅप्टनसाहेबही गेले. गिल्डचे गृहस्थ एकटे मधोमध बसलेले. मला म्हणाले, "मावशी, हे काय झालं? कोणी विचारलं पण नाही." आपलं कार्ड टेबलावर ठेवून तेही उतरले.

मुलगी बश्या विसळायला लागली. मी म्हटलं, "अगं, तुझी नोकरी चाललीय आणि हे नाही म्हणतात. विचार तरी."

"नाही विचारायचं."

"तू नको विचारू, मी विचारते."

"आई, त्या दिवशी त्यांनी मला विचारलं असतं ना, तर मी काही सांगू शकले नसते, आणि मग उडाले असते. त्यांनी विचारलं नाही. आता मी विचारू?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तू यात पडू नकोस."

तिचं सगळं पटलं मला. पण मी काही पायलट नाही. बाजारात मेथीची जुडी घेताना सुद्धा मी चार प्रश्न विचारते. आणि कॅप्टनसाहेब त्यांचा चष्मा आमच्याकडे विसरून गेलेले, खिडकीत. तो परत करायला नको?

मुलगी बाहेर गेलेली तेव्हा मी कोपरला गेले. तळमजल्यावरचं घर, पुढे छोटी बाग, साहेब पाइप घेऊन झाडांना पाणी घालत होते. मला बघून पाइप तसाच खाली टाकला. त्यांच्या मिसेसने पाणी दिलं, बसा म्हणाल्या. मी चष्मा दिला. आधी त्यांचे आभार मानले, त्या दिवसाबद्दल. माझी मुलगी नाही म्हणाली आणि तुम्ही थांबलात, माझं घर उभं आहे ते त्यामुळे, असं म्हटलं. ते नुसते मान हलवत राहिले. मग मी विचारलं, "तुम्ही नाही का म्हणालात?"

त्यांच्या मिसेस चमकल्या. साहेब हसायला लागले. म्हणाले, "ताई, किती वर्षं झाली मी हे काम करतोय. असं तोंडावर कोणी विचारलं नव्हतं."

"मग सांगा आता. तुमचा नियम मला लागत नाही."

तर त्यांनी सांगितलं. सैन्यातून बाहेर पडून नवीन नवीन नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या एका जोडीदाराला कंपनीने त्रास दिलेला. तेव्हा हे याच गिल्डच्या ऑफिसात मदत मागायला गेले. चार-पाच विमानवाले चहा पीत बसलेले. हे टेबलासमोर उभे. एकजण म्हणाला, तुम्ही पंखेवाले ना, तुमचं आमचं वेगळं. बाकीचे हसले. बसा कोणी म्हटलं नाही. जसे उभे होते तसे परत आले.

"मी त्या दाराशी परत जाणार नाही," साहेब म्हणाले. "तुमच्या मुलीसाठी चौकशीत एकटा जाऊन उभा राहीन. वेळ आली तर राजीनामा देईन."

मी म्हटलं, "राजीनामा नका देऊ. मग दोघं घरी बसाल, आणि माझ्याकडे माळा एकच आहे. तो तिचा पुसून झालाय."

त्यांच्या मिसेसना हसू आवरेना. मी जरा थांबून विचारलं, "हे मी सांगितलं तर चालेल का, त्या गिल्डच्या माणसाला?" साहेब पाइप उचलत म्हणाले, "तुम्ही विचारलंत. आता ते तुमचं."

मी घरी येऊन कार्डावरच्या नंबरला फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मावशी, ते आमच्या दाराशी येणार नाहीत ना? त्यांच्या घरचा पत्ता द्या." या एका वाक्यासाठी मी त्या माणसाचं नाव रोज देवापुढे घेते.

मुलीला कळलंच. मी काही लपवणारी बाई नाही, पोळी लाटता लाटता सांगून टाकलं. ती माझ्याशी बोलेना. जेवायला वाढलं की जेवायची, आपलं ताट उचलायची, आणि माळ्याकडे बघत बसायची. मी मनात म्हटलं, नाही बोललीस तरी चालेल, पण परत उड.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी गिल्डचे गृहस्थ मला घ्यायला गाडी घेऊन आले. घर दाखवायला मी लागणार होते. गाडीत मागे एक खूप म्हातारे पायलट बसलेले, हातात काठी, कधीचे रिटायर झालेले. कोपरला पोचलो. साहेब दारात आले, आत या म्हणाले. आम्ही आत गेलो पण म्हातारेबुवा बसेनात. काठीवर भार देऊन उभे.

म्हणाले, "मी त्या काळात रोज त्या ऑफिसात असायचो. तुम्ही आलेलात तेव्हा बहुतेक मीही असणार. मला आठवत नाही. तुम्हाला इतकी वर्षं आठवतंय आणि मला आठवतच नाही, त्याची लाज वाटते."

त्यांच्या मिसेस स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, त्यांना बसा तरी म्हणा."

साहेब आत गेले. मला वाटलं आता बाहेर येत नाहीत. तर आतून स्वतःची वेताची खुर्ची घेऊन आले, पंख्याखाली ठेवली, हाताने झटकली. "बसा," म्हणाले.

मग चहा झाला. चहाबरोबर यांची चेष्टा सुरू झाली. गिल्डचे गृहस्थ म्हणाले, "आमचं इंजिन थांबलं तर पंख तरी असतात, तुमचं काय?" साहेब म्हणाले, "आम्हाला उतरायला तुमच्यासारखा लांबलचक रस्ता लागत नाही. हिच्या बागेत उतरेन." त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "माझी मिरची नका मोडू." सगळे हसले, म्हातारेबुवा तर डोळे पुसायला लागले.

त्यानंतर परत माझ्याकडे जमले. परत वहिनींच्या खुर्च्या, परत दोन पदार्थ. एकेकाला विचारलं. साहेब म्हणाले, "हो." हो का, तेही कोणी विचारलं नाही. सह्या झाल्या. मुलगी सही करताना माझ्याकडे बघत नव्हती, पण सही झाल्यावर आत आली आणि म्हणाली, "पोह्यांत आज मीठ कमी आहे." म्हणजे अबोला संपला.

चौकशीत गिल्डचे गृहस्थ तिच्या एका बाजूला बसले आणि कॅप्टनसाहेब दुसऱ्या. आतलं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्यांनी भांडण केलं नाही. एवढंच विचारलं म्हणे, की नाही म्हणणाऱ्याला तुम्ही आज घरी बसवलंत तर उद्यापासून कोणी नाही म्हणणार नाही, ते तुम्हाला हवं आहे का? वरचे म्हणाले, कळवू.

कळवू म्हणजे काय, हे ज्याने वाट बघितलीय त्यालाच ठाऊक. फोन दुपारी वाजायचा. नाव नसायचं.

असेच दिवस जात असताना कोपरच्या वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या मिसेसनी, आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. मूळच्या मालवणकडच्या त्या. कोंबडी-वडे केलेले, साहेबांच्या फार आवडीचे. गरम वडे फुगून वर येत होते, वास पार गेटापर्यंत. पानं मांडली, साहेब बाह्या सरसावून बसले. वहिनींनी त्यांच्या पानात पहिला वडा वाढला, मुलीच्या पानात दुसरा, आणि साहेबांचा फोन वाजला.

त्यांनी चष्मा चढवला, फोन लांब धरून वाचला. परत वाचला. मग चष्मा काढून घडी घातली, पानातला वडा उचलून मुलीच्या पानात ठेवला आणि म्हणाले, "मला दहीभात चालेल."

वहिनी चिडल्या. "अहो, सकाळपासून खपतेय मी तुमच्यासाठी. काय झालं एकदम? पोट बरं नाही?"

"पोट बरं आहे. तिला वाढ. मी दहीभात खातो."

मुलीचा हात वड्यावर थांबला. ती त्यांच्याकडे बघायला लागली. "सर?" म्हणाली. ते आपले पाण्याचा पेला सरळ करत होते. तिने पर्समधून फोन काढायला हात घातला, पण वड्याच्या तेलकट बोटांनी चेन उघडेना. मी उघडून दिली. ती वाचत होती तेव्हा मी स्क्रीनकडे पाहिलं नाही, मला गरजच नव्हती. मी दोन पदार्थ करणारी बाई आहे.

वहिनी अजून डाव हातात घेऊन उभ्या. मी त्यांच्या हातातून डाव घेतला, त्यांना खाली बसवलं आणि आत जाऊन भात आणला. साहेबांच्या पानात वाढला, वर दही घातलं, मीठ घातलं. कालवायला घेऊन ते मला म्हणाले, "ताई, लोणचं तरी द्या."

मुलगी डोळे पुसत म्हणाली, "मग मी लोणचं नाही घेत."